‘आम्ही सगळे खुशाल’ या ओळीची किंमत

अमेरिकन यादवी युद्धातलं एक पत्र मराठीत भाषांतरित होऊन अधूनमधून मोबाइलवर येतं. ऱ्होड आयलंडच्या पलटणीतला मेजर सुलिव्हन बलू यानं ते १४ जुलै १८६१ रोजी वॉशिंग्टनजवळच्या छावणीतून आपल्या पत्नीला, साराला लिहिलं. आठवडाभरात बुल रनची लढाई झाली, तीत तो जबर जखमी झाला आणि महिना संपायच्या आत गेला. पत्र टपालात पडलंच नव्हतं, मागाहून त्याच्या सामानात मिळालं. ते वाचून डोळे भरून येतात, माझेही येतात. पण त्यावरून जो वाद रंगतो तो मात्र ऐकवत नाही. एक बाजू म्हणते, बघा, पूर्वीची माणसं कशी लिहायची, आणि आपण काय लिहितो? ‘पोचलो’, ‘जेवलास का’, ‘ताप उतरला का’. दुसरी बाजू व्यवहाराचं बोलते. एकोणिसाव्या शतकातली घरगुती पत्रं अमेरिकेतल्या संग्रहालयांत पेट्या भरभरून पडली आहेत, बहुतेकांत पाऊस, थंडीताप, डुकरं आणि पिठाचा भाव यापलीकडे काही नाही, तेव्हा बलूसारखी चार निवडा, छापा आणि बाकीच्यांवर वेळ घालवू नका.

या दोन्ही बाजू भांडतात एकमेकींशी, पण दोघींचं गृहीत एकच आहे. पत्राची किंमत त्यातल्या भाषेवर ठरते असं दोघी धरून चालतात. मला हे साफ चुकीचं वाटतं. त्या शतकातलं अमेरिकन घरगुती पत्र मुळात भावना मांडायला लिहिलेलं नव्हतंच, ते बातमी पोचवायला लिहिलेलं होतं. गाय व्याली, धाकट्याला गोवर आला, शेजारची कोणाशी लग्न करून गेली, गव्हाला अमुक भाव मिळाला, हा पत्राचा गाभा होता. बलूचं पत्र हा अपवाद आहे, आणि अपवादावरून एका शतकाची लेखणी मोजणं म्हणजे एका पक्वान्नावरून घरातलं रोजचं जेवण ठरवण्यासारखं आहे.

आधी खर्चाचं पाहू, कारण पत्रात काय लिहायचं हे खर्चानं ठरत होतं. १८४५पर्यंत अमेरिकेत टपालाचा दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर असे. चारशे मैलांपलीकडे एका कागदाला २५ सेंट, दोन कागद झाले की दुप्पट. पाकीट वापरलं तर तेही कागद म्हणून मोजलं जाई, म्हणून पत्रच दुमडून त्यावर लाख लावत आणि बाहेरच्या कोऱ्या भागावर पत्ता घालत. शिवाय पैसे बहुधा पत्र घेणारा भरे. म्हणजे तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक कागदाचा भुर्दंड आईबापांना पडणार. मग माणूस काय करील? कागद पुरा भरील. समास भरले की कागद आडवा फिरवून आधीच्या ओळींवरून काटकोनात दुसऱ्या ओळी लिहील. अशी जाळीदार पत्रं आजही संग्रहालयांत दिसतात आणि वाचताना डोळ्यांत पाणी येतं ते वेगळ्या कारणानं. निवांत बसून शैली घडवणाऱ्याचं हे लिखाण नाही. एवढ्या जागेत घरातल्या नऊ माणसांची खुशाली, दोन मृत्यू आणि एक कर्ज बसवायचं आहे, या चिंतेतलं ते लिखाण आहे.

१ जुलै १८४५ला नवा कायदा लागू झाला, तीनशे मैलांच्या आत अर्ध्या औंसाच्या पत्राला ५ सेंट, पलीकडे १० सेंट. १८५१मध्ये आगाऊ भरलेल्या पत्राचा दर ३ सेंटांवर आला. तोवर पत्र ही व्यापाऱ्यांची, वकिलांची आणि खात्यापित्या घरांची चैन होती. आता गिरणीतली मुलगी, मजूर आणि कॅलिफोर्नियात सोनं शोधायला गेलेला शेतकऱ्याचा मुलगाही लिहू लागले. सान फ्रान्सिस्कोच्या टपाल कचेरीपुढे, पनामावरून बोट आली की तासन् तास रांगा लागत आणि रांगेतली जागा पैसे घेऊन विकली जाई. रांगेतला माणूस उंची गद्य वाचायला उभा होता का? घर अजून उभं आहे का, आई आहे का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं.

पहिला आक्षेप वजनदार आहे, तो मान्यच करतो. ही पत्रं साचेबंद असतात. ‘लेखणी हाती घेऊन चार ओळी लिहितो की मी खुशाल आहे, आणि या ओळी पोचतील तेव्हा तुम्हीही खुशाल असाल अशी आशा आहे.’ मेनपासून टेक्सासपर्यंत शिकलेला, अर्धशिक्षित, नुकताच अक्षरं गिरवायला लागलेला, सगळे याच ओळीनं सुरुवात करतात. शंभर पत्रं ओळीनं वाचली की कंटाळा येतो. पण मराठी माणसाला तरी याचं नवल वाटू नये. ‘सा. न. वि. वि.’, ‘इकडील सर्व क्षेम, तुमचे क्षेम कळवावे’, ‘मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद’ यांवर आपल्या चार पिढ्यांची पत्रं उभी आहेत. साचा म्हणजे पोकळपणा, हे कोणी ठरवलं? जी गोष्ट प्रत्येकाला सर्वांत आधी जाणून घ्यायची असते तिचाच साचा बनतो.

आणि ‘मी खुशाल आहे’ ही त्या काळी किती मोठी बातमी होती, ते पाहा. यादवी युद्धात जुन्या हिशेबानं सहा लाख वीस हजार सैनिक मेले, नवे अभ्यासक हा आकडा साडेसात लाखांच्या घरात नेतात. त्यांतले साधारण दोन तृतीयांश गोळीनं नाही, तर हगवण, विषमज्वर, गोवर, न्यूमोनिया अशा आजारांनी गेले. सैनिक मेला तर घरच्यांना रीतसर कळवायची धड व्यवस्था ना उत्तरेच्या सैन्यात होती ना दक्षिणेच्या. घरचे वर्तमानपत्रातल्या याद्या धुंडाळत, नाहीतर पलटणीतल्या एखाद्या सोबत्याचं पत्र येई. वॉल्ट व्हिटमन वॉशिंग्टनच्या इस्पितळांत खाटेखाटेशी बसून ज्यांना लिहिता येत नव्हतं किंवा हात उचलत नव्हता त्यांची पत्रं लिहून देत असे. एवढा मोठा कवी, पण त्या पत्रांत लिहायचं ते तेच, मी अमुक इस्पितळात आहे, ताप आहे, आईनं काळजी करू नये. जुलाब थांबले, दोन दिवस थोडं जेवण गेलं, अशी ओळ असलेलं पत्र संपादक ‘किरकोळ’ म्हणून बाजूला ठेवतो. ते घरी पोचलं त्या दिवशी त्या आईला त्याहून मोठी बातमी जगात कोणती होती?

आता एकच पत्र जरा जवळून पाहू. मेरी पॉल, व्हरमाँटची मुलगी, वय १५. सप्टेंबर १८४५मध्ये तिनं वडिलांना लिहिलं की लोवेलच्या कापडगिरणीत जायची परवानगी द्या, इथं राहून मला कपडेसुद्धा मिळणार नाहीत. वडिलांचं त्याआधीचं पत्र एका ओळखीच्या माणसाच्या हाती आलं होतं, तेही ती नोंदवते. ती लोवेलला गेली. २१ डिसेंबरच्या पत्रात तिनं हिशेब दिला आहे. मंगळवारी पगार झाला. एकूण मिळाले ६ डॉलर ६० सेंट. त्यांतले ४ डॉलर ६८ सेंट राहण्या-जेवणाचे गेले. उरलेल्यांत रबरी जोडे घेतले आणि ५० सेंटांचे बूट. त्याच पत्रात ती सांगते की गुरुवारी एक मुलगी पडली, मान मोडली आणि जागच्या जागी गेली. त्याच दिवशी एक माणूस रेल्वेखाली मेला. आणखी एकाच्या बरगड्या मोडल्या. एकावर कापसाची गासडी कोसळली आणि तो मरता मरता वाचला. हे सगळं जोड्यांच्या किमतीच्याच आवाजात, एकामागून एक.

ज्यांना ‘खोल’ पत्र हवं आहे त्यांना इथं काहीच सापडणार नाही. मुलगी रडत नाही, उपमा देत नाही, गिरणीमालकाला शिव्या देत नाही. पण हातात पेन्सिल घेऊन बसलं तर ६.६०मधून ४.६८ गेले की राहतात १ डॉलर ९२ सेंट. काही आठवड्यांपूर्वी जिला कपड्यांसाठी घर सोडावं लागलं तिच्या पायांत आता स्वतःच्या पैशाचे बूट आहेत, आणि ज्या गावात ते मिळाले तिथं एका दिवसात काय काय होतं तेही समोर आहे. लोवेलच्या गिरण्यांची जाहिरात करणाऱ्यांनी तिथल्या मुलींच्या टापटिपीची वर्णनं लिहिली, विरोधकांनी तिथल्या गुलामीची. दोन्हींत आधीच ठरवलेला निष्कर्ष आहे. मेरी पॉलला काहीच सिद्ध करायचं नव्हतं. वडिलांना काळजी असणार म्हणून तिनं हिशेब दिला, आणि गावात घडलं ते सांगितलं. नवे जोडे आणि मेलेली मुलगी एकाच पानावर येतात ते याचमुळे. निवडक उताऱ्यांचं पुस्तक काढणारा यांतलं एक ठेवील आणि दुसरं गाळील, आणि त्याच क्षणी पत्र खोटं होईल.

किरकोळ ओळींची किंमत खुद्द अमेरिकन सरकारनं मान्य केली होती. बलूच्या पत्राला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, १४ जुलै १८६२ला, पेन्शनचा कायदा झाला. साध्या शिपायाच्या विधवेला महिना ८ डॉलर. विधवा नसेल तर मुलावर अवलंबून असलेल्या आईलाही मिळत, पण मुलगा आपल्याला पोसत होता हे तिला सिद्ध करावं लागे. कसं करणार? मुलाची पत्रं जोडून. ‘सोबत दहा डॉलर पाठवतो, पीठ आण, सरपणाचं देणं भागव’ अशी ओळ असलेलं पत्र त्या बायांनी अर्जाबरोबर पेन्शन कचेरीत दिलं. बहुतेकींकडे मुलाची तेवढीच आठवण असेल, तीही कचेरीत गेली आणि परत आली नाही. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पेन्शनच्या फायलींत ती आजही आहेत. त्या अर्जांत आईवर किती प्रेम आहे हे सांगणाऱ्या ओळीनं काम झालं नसतं. पिठाच्या ओळीनं झालं. त्या मुलाचं प्रेम पिठाच्या ओळीत होतंच, वेगळं लिहायची गरज त्याला वाटली नव्हती.

दुसरा आक्षेप असा की ही पत्रं लपवतात. हेही खरं. पत्र एकाला लिहिलेलं असलं तरी घरात, शेजारात मोठ्यानं वाचलं जाई, म्हणून बाईचं दुखणं, नवऱ्याची दारू, पोटातलं मूल यांवर मौन किंवा आडवळण. अमेरिकेत जाऊन वसलेल्यांनी मायदेशी, नॉर्वे-स्वीडनला, पाठवलेल्या ‘अमेरिका-पत्रां’च्या नकला हातोहात फिरत, काही तिकडच्या वर्तमानपत्रांत छापूनही येत. गावभर वाचलं जाणार म्हटल्यावर अपयश कोण कबूल करील? पण नेमकं म्हणूनच माझा भर बारीक तपशिलावर आहे. माणूस सजवतो ती मोठी वाक्यं. जमिनीचा भाव, पाण्याची खोली, बैलजोडीची किंमत सजवून चालत नाही, कारण त्या आकड्यावर विसंबून भाऊ आपलं शेत विकून येणार असतो.

नेब्रास्कातल्या ऑब्लिंगर कुटुंबाचं उदाहरण घ्या. त्यांची तीनशेहून अधिक पत्रं जपली गेली आहेत. १८६२च्या होमस्टेड कायद्यानं, वसून कसणाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन मिळत होती, म्हणून युराया ऑब्लिंगर पुढे गेला आणि इंडियानात राहिलेल्या पत्नीला, मॅटीला, तिथलं सगळं लिहीत राहिला. १८७३मध्ये ती लेकीला घेऊन त्याच्याकडे गेली. जून महिन्यात तिनं माहेरी लिहिलं, आम्ही आमच्या स्वतःच्या घरात आहोत, आणि तेही मातीच्या ढेपांच्या! गवताळ माळाची मुळांसकट कापलेली ढेकळं विटांसारखी रचून ती घरं बांधत. लाकडी घराइतकी सोय नाही, असं ती सरळ कबूल करते, पण आधी राहिलेल्या खोपटांपेक्षा वाईटही नाही, असं पुढे जोडते. ही मॅटी १८८०मध्ये बाळंतपणात गेली. तिच्या आयुष्यातली ती सात वर्षं आपल्याला कळतात ती कोंबड्या, पिकं, टोळधाड आणि पोरांची दुखणी यांतून. ‘महत्त्वाची’ तेवढी पत्रं निवडायला बसलो तर तीनशेंतली किती उरतील? आणि उरलेल्यांत मॅटी किती उरेल?

इथं आपल्या घरचं उदाहरण आठवल्याशिवाय राहत नाही. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी एका मिशनरी मासिकात छापलेलं गोपाळराव जोशांचं पत्र वाचलं आणि आनंदीबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. दोघींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं. त्या लिहीत होत्या घर, सणवार, चालीरीती, प्रकृती यांविषयी. कलकत्त्यात असताना आनंदीबाईंची डोकेदुखी, ताप, अशक्तपणा हे सगळं पत्रांतून तिकडे कळत होतं, आणि कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधं पाठवली. गुण आला नाही, पण एका तक्रारीच्या ओळीवर समुद्रापलीकडून औषध येतं, असं नातं जमलं होतं. १८८३मध्ये आनंदीबाई बोटीतून उतरल्या तेव्हा त्या परक्या घरी गेल्या नाहीत, मावशीकडे गेल्या. १८८६ला फिलाडेल्फियातली पदवी आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात मृत्यू, हे आपण शाळेत शिकतो. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. त्या अस्थी तिथवर पोचल्या त्या डोकेदुखीच्या आणि सणवारांच्या पत्रांमुळे. ‘स्त्रीशिक्षणाविषयीचे विचार’ तेवढे ठेवून बाकी काढून टाकलं असतं, तर एका अनोळखी बाईनं या मुलीला घरात का घेतलं हे आपल्याला कधीच उमगलं नसतं.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण, आणि जुन्या पत्रांवर प्रेम करणाऱ्यांनी तो टाळू नये. ही रोजच्या आयुष्याची पत्रं कोणाच्या रोजच्या आयुष्याची? ज्याला लिहिता येतं, ज्याचं घर दीडशे वर्षं पत्र जपून ठेवण्याइतकं स्थिर आहे, त्याच्या. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना अक्षरओळख करून देणं हाच गुन्हा होता. मग खुशालीच्या पत्रांचा ढीग जपून आपण गोऱ्या, नांदत्या घरांचीच खुशाली जपत नाही का? जपतो, मोठ्या प्रमाणात. पण निवडक सुंदर पत्रं ठेवली तर हा अन्याय आणखी वाढतो. कारण गुलामगिरीतली माणसं पत्रांत येतात ती नेमकी किरकोळ ओळींत. मालकिणीच्या पत्राच्या शेवटी, दुसऱ्या गावी नेलेल्या नवऱ्याला बायकोनं सांगून लिहवलेला निरोप असतो, पोरं बरी आहेत, तुझी वाट पाहतात. घाईघाईनं, समासात लिहिलेला. गाळायची वेळ आली की आधी तोच जातो.

आणि ती माणसं स्वतः लिहू लागली तेव्हा त्यांनी कोणता साचा उचलला? स्पॉट्सवुड राइस हा मिसूरी राज्यात तंबाखूच्या कामावर राबणारा गुलाम. १८६४च्या सुरुवातीला पळून तो उत्तरेच्या सैन्यात भरती झाला. सप्टेंबरात तो सेंट लुईसच्या बेंटन बराकीतल्या इस्पितळात आजारी होता. तिथून त्यानं अजून गुलामीत असलेल्या आपल्या मुलींना लिहिलं. सुरुवात तीच, लेखणी हाती घेऊन चार ओळी लिहितो. पण पुढे जिथं प्रत्येक जण ‘मी खुशाल आहे’ लिहितो तिथं त्यानं लिहिलं, की मी तुम्हाला विसरलेलो नाही. मग बजावलं की जीव गेला तरी बेहत्तर, तुम्हाला मिळवीन. त्यातली मेरी किटी डिग्ज नावाच्या बाईच्या ताब्यात होती. तिलाही त्यानं वेगळं पत्र धाडलं, मेरी देवानं मला दिलेली आहे, तिच्यावर हक्क माझा आहे. किटीचा भाऊ ग्लासगो गावचा पोस्टमास्तर होता. पत्रं त्याच्या हाती पडली, तो चिडला आणि त्यानं ती तक्रारीसोबत मिसूरीतल्या उत्तरेच्या सैन्याचा प्रमुख जनरल रोझक्रान्स याच्याकडे पाठवली. सैन्याच्या दप्तरात गेली म्हणून ती वाचली. जपायला राइसचं घर नव्हतं, पत्रं टिकली ती तक्रार करणाऱ्याच्या कागदांत.

त्या मेरीची गाठ १९३७मध्ये सेंट लुईसमध्ये सरकारी मुलाखतकारांनी घेतली. ती तेव्हा ८५ वर्षांची होती. तिनं सांगितलं की वडील दुसऱ्या मालकाकडे असल्यानं त्यांना आठवड्यातून दोन रात्रीच आईकडे यायची मुभा होती. पुष्कळदा ते मुकादमाच्या माराने रक्तबंबाळ होऊन येत. आई त्यांचे ते कपडे उतरवी, जखमा धुऊन त्यांवर चरबी लावी आणि कपडे धुऊन, इस्त्री करून ठेवी, म्हणजे परत जाताना ते स्वच्छ कपड्यांत जातील. घरात वारंवार घडणारी ही गोष्ट. ती कोणत्याही पत्रात आली नव्हती. मेरीला तोंडानं सांगावी लागली, आणि तोवर तिच्या वडिलांच्या त्या चार ओळींना ७३ वर्षं झाली होती.